मच बेटर

“‘व्हेरी बेटर’ नाही हो सिस्टर! ‘मच बेटर’! नाहीतर ‘अ लॉट बेटर’!” इंग्रजी शिकवायला आलेल्या ट्रेनरबाईंनी कपाळावर हात मारला आणि माझ्या हाताखालच्या पोरी फिदीफिदी हसल्या. बावीस वर्षं मी या वॉर्डात आहे. यातल्या निम्म्या पोरींना सलाईन लावायला मी शिकवलंय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नुसतं ‘बेटर’ म्हटलं की नातेवाईक शंका काढत बसतात, ‘मच बेटर’ म्हटलं की गप्प होतात, असं हॉस्पिटलच्या मॅनेजरसाहेबांचं शास्त्र. शेवटच्या दिवशी परीक्षा, तीही खऱ्या पेशंटच्या खाटेशी. नापास होईल तिचं इन्चार्जपद जाणार. म्हणजे माझंच. दुसऱ्या कुणाकडे होतं ते?

मग मीही इरेला पेटले. भाजी चिरताना घोकलं, कपडे वाळत घालताना घोकलं. नवरा म्हणाला, “अगं, निदान घोर तरी मराठीत.”

परीक्षेला मला सात नंबरच्या खाटेशी उभं केलं. आजोबा डोळे मिटून पडलेले, शेजारी स्टुलावर आजी. चार दिवस त्या तिथून हलल्या नव्हत्या.

“कसे आहेत हो हे?” त्यांनी विचारलं.

मी ताठ उभी राहिले आणि खणखणीत म्हणाले, “ही इज मच बेटर टुडे!”

“परफेक्ट!” ट्रेनरबाईंनी टाळी वाजवली. “आजी, आजोबा आज खूपच बरे आहेत.”

आजींनी लगेच पिशवी उचलली. “मग मी जरा घरी जाऊन अंघोळ करून येते. चार दिवस झाले हो.”

तेव्हा कुठे मी मॉनिटरकडे पाहिलं. ऑक्सिजन उतरत चालला होता, श्वास अडखळत होता. पेशंटकडे न बघताच मी पोपटासारखी बोलून मोकळी झाले होते. स्वतःचंच थोबाड फोडावंसं वाटलं.

“आजी, बसा! बरे नाहीत ते. तब्येत कालच्यापेक्षा पुष्कळ वाईट आहे. मी खोटं बोलले. हात धरा त्यांचा.”

“सिस्टर, परीक्षा चालू आहे!”

“खड्ड्यात गेली तुमची परीक्षा! डॉक्टरांना बोलवा आधी!”

डॉक्टरांनी करायचं ते केलं आणि आजींना जवळच बसू दिलं. दोन तासांनी आजोबा गेले.

दुपारी ट्रेनरबाईंनी कागद पुढे केला. वाक्य अचूक, वागणूक असमाधानकारक, नापास. “इंग्रजी मात्र सुधारलं हां तुमचं,” त्या म्हणाल्या. मी सही ठोकली आणि वॉर्डात परतले.

आजी स्वतःच्या फणीने आजोबांचे केस विंचरत होत्या. मला पाहून थांबल्या.

“तुम्ही अडवलं नसतंत, तर हे गेले तेव्हा मी घरी अंघोळ करत असते, बाई,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी फणी माझ्या हातात दिली. “मागचे तेवढे तुम्ही विंचरा. मला यांचं डोकं उचलवत नाही.”

मी आजोबांच्या मानेखाली हात घातला.