गुरुवारचा बगळा

ओंकारच्या त्या फोटोवर आमच्या ग्रुपने जो आनंद साजरा केला, तो आठवला की आजही माझं डोकं सणकतं.

आमचा ग्रुप पक्षी ओळखणाऱ्यांचा. कुणी आकुर्डीचं, कुणी काळेवाडीचं, बहुतेक सगळे कंपन्यांत नोकरी करणारे. अनोळखी पक्ष्याचा फोटो टाकायचा, खाली ठिकाण आणि वार लिहून 'ओळख हवी' एवढंच म्हणायचं, की जाणकार तुटून पडतात. पानाआडून नुसती शेपटी दिसली तरी नाव सांगणारी माणसं आहेत इथे. मीही त्यातलीच, आणि मला त्याचा अभिमान होता.

ओंकारचा फोटो चाकणच्या एका कारखान्यामागच्या ओढ्यावरचा होता. गळा पांढरा, बाकी सगळं अंग करडं, असा बगळा. ॲडमिन ज्ञानेश सरांनी निकाल दिला, हा समुद्री बगळा, कोकण किनारा सोडून घाट चढून आलेला. झालं, अभिनंदनाचा नुसता पाऊस. सर त्याच कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. कंपनीच्या कॅलेंडरवर तो फोटो छापायचं त्यांनी लगेच ठरवून टाकलं. खाली ओळ काय, तर 'आमच्या स्वच्छ ओढ्यावरचा समुद्री पाहुणा'.

मी फोटो मोठा करून पाहिला. चोच आखूड आणि पिवळीधमक. ही चोच गायबगळ्याची, म्हणजे म्हशींमागे हिंडणाऱ्या आपल्या साध्या पांढऱ्या बगळ्याची. आणि तो करडा रंग मी नाही ओळखणार तर कोण? मी दुसऱ्या एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये, म्हणजे रंगकाम विभागात, इंजिनिअर आहे. लोखंडी भाग गंजू नयेत म्हणून ज्या टाकीत बुडवतात, तिच्यातला हा रंग रोज माझ्या डोळ्यांसमोर असतो.

तसं मी ग्रुपवर लिहिलं. रश्मीताईंना सुट्टीतही पेंटच दिसतो, असं सरांचं उत्तर आलं, सोबत एक हसरा चेहरा. त्यावर आणखी बरेच हसरे चेहरे. मग एकेकाने सांगितलं की हा बगळा आपल्यालाही दिसलाय. प्रत्येकाला गुरुवारी.

गुरुवारी दिसणारच. आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. गळ्यात कॅमेरे अडकवून माणसं ओढ्यावर जातात ती गुरुवारी, आणि लाइन बंद असते म्हणून रंगाच्या टाक्या धुतात त्याही गुरुवारीच. माझ्या कंपनीत ते पाणी शुद्ध करूनच पुढे सोडतात. सरांच्या कारखान्यात ते कुठे जातं, हे एवढ्या हुशार लोकांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

मी बुधवारी रजा टाकून ओढ्यावर गेले. सगळे बगळे पांढरेशुभ्र. गुरुवारी पुन्हा गेले. दुपारी कंपाउंडच्या भिंतीखालच्या पाइपातून करडं, फेसाळ पाणी धो धो यायला लागलं. मासोळ्या तडफडत वर आल्या आणि आयतं खाणं मिळालं म्हणून बगळे त्यात उतरले. उडाले तेव्हा करडे झालेले. एकाला मात्र उडताच येईना. पिसं चिकटून तो गवतात बसून राहिला.

मी त्याला उचललं. हा रंग भट्टीत भाजेपर्यंत ओलाच असतो, पाण्याने निघतो. बाटलीतल्या पाण्याने मी त्याचा एक पंख धुतला आणि खालून पांढरी पिसं निघाली. दुसरा पंख धुवायच्या आत त्याने माझ्या हातातच मान टाकली. रागाने मला रडूच आलं.

तिथूनच सरांना फोन लावला. पाइपाचं सांगितलं, बगळ्याचं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "ताई, कॅलेंडर छापायला गेलंय. आता कशाला वाद?"

"सर, बगळे मरतायत. टाक्यांचं पाणी ओढ्यात सोडणं थांबवा."

"एका बगळ्यासाठी लाइन बंद ठेवायची का मग?"

मी फोन ठेवला. ग्रुपवर फोटो टाकला, एक पंख करडा आणि एक पांढरा. खाली ठिकाण, वार आणि 'ओळख हवी'. बऱ्याच वेळाने एकट्या ओंकारचं उत्तर आलं : गायबगळा. त्याचं मला आजही कौतुक वाटतं.

मग मी दुसरा फोटो टाकला. भिंत, भिंतीवरची कंपनीची पाटी, तिच्याखालचा पाइप, त्यातून येणारं करडं पाणी. उजेड उत्तम, सगळं अगदी स्पष्ट. खाली तेच, ठिकाण, वार, 'ओळख हवी'.

फोटो सगळ्यांनी पाहिला. निळ्या खुणा दिसत होत्या. शेपटीवरून पक्षी ओळखणाऱ्या त्या माणसांपैकी एकालाही तो पाइप ओळखता आला नाही. संध्याकाळी सरांनी फोटो काढून टाकला आणि कारण लिहिलं : ग्रुपवर फक्त पक्षी टाकावेत.