दुप्पट करायचा आकडा

अण्णांच्या केस कापायच्या दुकानावर पाटी होती, पण गिऱ्हाईक यायचं ते अण्णांचं डोकं बघून. साठीला टेकलेला माणूस, आणि कपाळापासून माथ्यापर्यंत केस असे दाट की कंगवा घातला तर तिथंच उभा राहावा. आरशाखाली त्यांच्या तेलाच्या बाटल्या मांडलेल्या असत. मागच्या खोलीत आई ते तेल उकळायची, गाळायची, भरायची. कुणी विरळ डोक्याचा खुर्चीत बसला की अण्णा सुरू होत.

"माझ्या बापाच्या टकलावरून माशी घसरायची. आजोबांचंही तेच. आणि हे बघा!"

मग स्वतःचे केस मुठीत धरून ओढून दाखवायचे.

माझा तेलावर विश्वास नव्हता. पण घरात टक्कल असलं तरी एखादा सुटतो, तसे अण्णा सुटले असतील असं मी धरून चालले होते. मग एकदा मशीनमध्ये घालायचं तेल शोधताना पावडरच्या डब्यात मला गोळ्यांची पाकिटं सापडली. त्यांवरचं नाव मी फार्मसीच्या परीक्षेसाठी पाठ केलेलं होतं. ते वाचून मी खाली स्टुलावर बसले. केसांमुळे नाही. त्याच सकाळी अण्णांचा रिपोर्ट आला होता.

वर्षभर त्यांना लघवीला जोर लावावा लागत होता. डॉक्टरांनी प्रोस्टेट ग्रंथीसाठी रक्त तपासायला सांगितलं होतं. गेल्या वर्षी आकडा आला ३.४, यंदा ३.९. "काठावर आहे, पण चारच्या आत आहे. पुढच्या वर्षी बघू," डॉक्टर म्हणाले होते.

पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून एक जास्त जहाल संप्रेरक बनतं. ज्यांच्या केसांची मुळं जन्मतः त्याला हळवी असतात, त्यांची मुळं ते वर्षानुवर्षं आक्रसत नेतं. आधी कपाळ, मग माथा. मानेजवळची मुळं त्याला दाद देत नाहीत, म्हणून टक्कल पडलेल्याच्या मागे झालर उरते. ही गोळी ते संप्रेरक फारसं बनूच देत नाही. पण तेच संप्रेरक प्रोस्टेटलाही पोसतं. त्यामुळे गोळी चालू असली की रक्तातला आकडा साधारण निम्म्यावर येतो, आत काही वाईट वाढत असलं तरी. अशा माणसाचा आकडा दुप्पट करून वाचायचा असतो. डॉक्टरांना हे ठाऊक असतंच. त्यांना गोळी मात्र ठाऊक असायला हवी.

दुपारी दुकान रिकामं झाल्यावर मी पाकीट अण्णांपुढे धरलं.

"कधीपासून?"

"अकरा वर्षं झाली असतील." ते वस्तरा पुसत राहिले. "माथा दिसायला लागला होता. माथा गेला की दुकान गेलं."

"डॉक्टरांनी विचारलं नाही, कुठली औषधं घेता म्हणून?"

"विचारलं. काही नाही म्हणालो. आणि खोटं नाही हं ते. रक्त द्यायच्या आधी आठवडाभर बंद ठेवली होती." त्यांचा चेहरा जरा खुलला. "आम्हालाही कळतं थोडं. रंग धुतला की केस मूळचा दिसतो."

"रक्त म्हणजे केस नाही, अण्णा. आकडा मूळ जागी यायला महिने लागतात."

"बरं, शास्त्रज्ञबाई."

"डॉक्टरांना सांगा. आजच."

"त्याला?" अण्णा पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "दर महिन्याला बाटली नेतो तो माझ्याकडून! त्याला सांगू, की बाबा रे, तू तेल चोळत बस, मी गोळी खातो? गावभर नाचक्की होईल. आकडा चारच्या आत आहे ना? मग झालं तर."

मागच्या खोलीचा पडदा सरकला. आई दारात उभी होती, हात कोपरापर्यंत तेलकट.

"म्हणजे दर रविवारी मी तुमच्या डोक्याला चोळते ते?"

"अगं, बरं वाटतं ते."

"बरं वाटतं," आई म्हणाली. ती परत आत गेली. भांड्याखालचा गॅस बंद केल्याचा आवाज आला.

त्या दिवसापासून ती अण्णांशी कामापुरतंच बोलू लागली. मी रोज तेच टुमणं लावायची: डॉक्टरांना सांगा, तुमचा आकडा दुप्पट धरायला हवा. अण्णा म्हणायचे, "बघू." मी डॉक्टरांकडे जाते म्हणाले, तेव्हा त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. बापाने हात जोडले, मी गेले नाही.

शनिवारी डॉक्टर स्वतःच केस कापायला आले. झालरीपुरतंच काम होतं. अण्णांनी त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, मशीन चालू केलं.

"फरक वाटतोय का हो, अण्णा?" डॉक्टरांनी आरशात माथा वाकवून विचारलं. "थोडी लव आल्यासारखी वाटते."

अण्णांनी तोंड उघडलं. काय म्हणणार होते कुणास ठाऊक. त्याआधी आई बाहेर आली आणि डॉक्टरांच्या शेजारी उभी राहिली.

"डॉक्टर, ह्यांच्या आकड्याची दुप्पट करा."

"कसली दुप्पट?"

तिने पाकीट त्यांच्या मांडीवर ठेवलं. डॉक्टरांनी कापडाखालून हात काढून ते उचललं, डोळ्यांजवळ नेलं. मशीन हवेतच घुरघुरत होतं.

"अकरा वर्षं," आई म्हणाली.

डॉक्टरांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे गेल्या वर्षीचाही सहाच्या वर होता. मी तुम्हाला विचारलं होतं, अण्णा." त्यांनी आपल्या हाताने कापड सोडलं आणि अर्धी झालर तशीच ठेवून उठले. दाराशी थांबले. "आणि तेल?"

अण्णांनी मशीन बंद केलं. "सोमवारी उपाशीपोटी या," एवढं बोलून डॉक्टर गेले.

"बुडवलंस मला," अण्णा आईला म्हणाले.

बुडायचं ते आधीच बुडालं होतं. स्कॅन झाला, तुकडा काढून तपासला. गाठ ग्रंथीबाहेर पडून कमरेच्या हाडात पोचली होती. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, वर्षभर आधी कळतं तर कदाचित ऑपरेशनवर भागलं असतं. आता इंजेक्शनं. टेस्टोस्टेरॉन मुळातच बंद करायचं. बरं होणार नाही, आयुष्य थोडं लांबेल.

अण्णांनी खाली बघत विचारलं, "केस?"

"डोक्यावरचे राहतील. या संप्रेरकाशिवाय टक्कल पडत नाही. दाढी आणि अंगावरचे विरळ होतील. ताकद जाईल, घामाने भिजाल."

आई उठून बाहेर गेली.

आता अण्णा दुकानात दोन माणसं झाली की बसतात. भर थंडीत पंखा लावतात आणि मान पुसत राहतात. डॉक्टर दुसऱ्या दुकानात जातात. बाटल्या आईने गटारात ओतल्या. माथा मात्र तसाच दाट आहे.

"अण्णा, दुकान अर्धा दिवस बंद का असतं हल्ली?" गिऱ्हाइकं विचारतात.

"कॅन्सर आहे," अण्णा म्हणतात. हल्ली ते खरंच सांगतात.

"तुम्हाला काय धाड भरलीय! केस बघा की!"

गिऱ्हाईक हसतं, आणि मान पुढे करतं.