दादा शरण आले

दुपारी घर निजलेलं असताना तांदळाच्या पत्र्याच्या डब्यावर ठेवलेला मोबाईल थरथरला आणि झाकण असं खणखणलं, की मृणालीने आधी पोरीकडे पाहिलं. पाच वर्षांची करिष्मा कूस बदलून पुन्हा झोपली.

घरच्या ग्रुपवर सासऱ्यांनी, तुळशीरामदादांनी, व्हिडिओ टाकला होता. ‘सीमेवरून थेट! शत्रूचा तळ बेचिराख! पाहा, शरण येणारा सैनिक!’ हिरवट आकाश, धूर, धडाधड फुटणारे गोळे, मागे नगारे. खाली दादांची ओळ: ‘आज सहाला देवळापुढे मोठ्या पडद्यावर. समद्यांनी यावे.’

दादा यंदा शेलार गावच्या सरपंचकीला उभे होते. गावाला देशप्रेम दाखवायचं, तर एवढी संधी कशी सोडतील?

मृणालीने व्हिडिओ पुन्हा पाहिला आणि तिचे डोळे विस्फारले. दोन्ही हात वर करून शरण येणाऱ्या त्या सैनिकाच्या डोक्यावर कळशी होती.

ही तर गेल्या महिन्यातली मितेशभाऊजींची हळद! फटाके दादांनीच टेम्पो भरून आणलेले. भाऊजींनी ड्रोनवरून काढून घेतलेलं शूटिंग नेटवर टाकलं होतं, ते कुणा पठ्ठ्याने हिरवं रंगवून युद्धावर पाठवलं होतं. आणि समोरचा उमेदवार दामू तर त्याच हळदीत पहाटेपर्यंत नाचलेला. पडदा लागायचा अवकाश, तो ओळखणार. मग मतं राहिली बाजूला, दादांना गावात तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती.

पण सासऱ्यांची चूक सुनेनं काढायची? लग्नाला सात वर्षं झाली तरी ती त्यांच्यासमोर खुर्चीत बसत नसे. पदर सावरून ती ओटीवर गेली. दादा भाषण घोकत होते.

“दादा, हा शरण येतोय त्याला ओळखलंत?”

“मी कसा वलखणार? दुश्मन हाय तो.”

तिने बोटांनी चित्र मोठं केलं. दादांनी चष्मा पुसला. “आन् लढाईत ह्याच्या टकुऱ्यावर कळशी कशाला?”

सासूबाई गुणाबाई मागून वाकल्या. “अवो, ह्ये तं तुमी! पस्तीस वरसं ह्योच नाच बघत्ये मी.”

दादांनी चष्मा पुन्हा एकदा पुसला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, “म्हंजे... मना शरण आणला?”

गुणाबाई हसून हसून उंबऱ्यावरच बसल्या.

“पडदा न्हाय लावायचा आता,” दादा म्हणाले.

“लावा, दादा,” मृणालीच्या तोंडून निघून गेलं. “ग्रुपवर आलाय, तो फिरणारच. दामूकाका सांगायच्या आधी तुम्हीच सांगा.”

दादांनी तिच्याकडे पाहिलं, मग शेजारची खुर्ची पुढे ओढली. “बस. काय बोलू, सांग.”

सहाला व्हिडिओ लागला. दादांनी माईक हातात घेतला. “मंडळी, ह्यो शरण आलेला दुश्मन म्हंजे मीच. सोताच्या पोराची हलद मना वलखता आली न्हाय. आजपासून आधी सुनंला दाखवीन, मंगच पुढं धाडीन!”

देवळापुढे हशा उसळला. दामू तर डोळे पुसत ओरडला, “तुळशीराम, एकदा शरण येऊन दाखव रं!” कुणीतरी कळशी आणली. दादा नाचले आणि दामूही नाचला. मत कुणाला द्यायचं, ते त्या घटकेला कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

मृणालीच्या मांडीवर करिष्मा टाळ्या पिटत होती. मधेच थांबून तिने आईची हनुवटी आपल्याकडे वळवली.

“आई, मग टीव्हीवर रोज लढाई दाखवतात, ती कुणाची हळद असते?”