झाकणाचा पेला

मित्रांनो, मला जरा बेतानं उचला. मी एक जुना थर्मास आहे. बाहेरून पत्र्याचा, आतून काचेचा. ज्याच्या पोटात काच, त्याला सदा धास्तीच!

लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारातून मला चांदपाशांनी आणलं. निलंग्याकडच्या साखर कारखान्यात ते मला पाळीवर नेत आणि माझ्या झाकणाच्या पेल्यातून सगळ्यांना चहा पाजत. "पाशाभाई, तुमचा थर्मास लई भारी!" असं कुणी म्हटलं की मी फुगून जाई. ते गेले आणि मी फळीवर धूळ खात पडलो.

पुढे त्यांचा मुलगा मोहसीन मॅनेजर होऊन इथिओपियातल्या एका साखर कारखान्यावर निघाला. त्याच्या अम्मीनं, चांदबीनं, मला घासूनपुसून त्याच्या हाती दिलं. "बेटा, भायेरचं पानी पिऊ नको. बाधतंय."

लेक भलताच आज्ञाधारक! पहिल्याच दिवशी तिथले फोरमन तेस्फाये यांनी त्याला घरी कॉफीला बोलावलं. सगळी माणसं गोल करून बसली होती, कॉफीच्या बिया समोरच भाजल्या जात होत्या. मोहसीननं माझं झाकण फिरवलं, उभ्याउभ्या आपलाच चहा प्यायला आणि काम पडलंय म्हणून निघाला. घरधनिणीच्या हातातला कप तसाच राहिला.

त्या दिवसापासून सगळे त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागले. ऊस गाळणारी मिल सारखी बंद पडे, पण का, ते कुणी सांगेना. मोहसीन ओरडे, माणसं मान खाली घालत. शेवटी कंपनीचा फोन आला, "जमत नसेल तर परत या." मोहसीनला जेवण जाईना. पोराची नोकरी गेली तर मलाच पांढऱ्या पायाचा म्हणतील, या भीतीनं मीही गारठलो.

त्यानं अम्मीला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"लोकाच्या घरी जाऊन आपलाच चहा पिलास? आरं, म्या पानी बाधतंय म्हनलं हुतं. मानसं न्हाई!"

दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून तेस्फायेंच्या दारी गेला, माफी मागून मांडी घालून बसला. तिथे कॉफी तीनदा देतात. तिन्ही वेळा प्यायला. मग माझ्या पेल्यात चहा ओतून त्यानं तेस्फायेंपुढे धरला. त्यांनी तो फुंकून फुंकून संपवला.

"मिलचं बेअरिंग तापतंय साहेब," ते म्हणाले. "पहिल्या दिवशीच सांगणार होतो. तुम्ही बसलाच नाहीत."

बेअरिंग बदललं, मिल चालू लागली. मोहसीन हंगाम पुरा करूनच घरी आला आणि मी पुन्हा फळीवर गेलो.

आता त्याची बहीण सदफ मॅनेजर म्हणून व्हिएतनामला निघालीय. चांदबी मला ओढणीत गुंडाळून बॅगेत ठेवतेय. विमानात बॅगा आपटतात म्हणे! जीव नुसता टांगणीला लागलाय. मित्रांनो, आम्हा जुन्यांना असंच मऊ कापडात जपा. इतकंच मागणार होतो, तेवढ्यात चांदबीनं माझ्याशेजारी कप रचायला घेतले.

"एवढे कप कशाला, अम्मी?" सदफनं विचारलं.

"तू काय एकलीच पिनार हायस?"