शिळं द्रावण

विषय: झाडीपट्टीतल्या गावांमधला सिकलसेल. एम.डी. पॅथॉलॉजी, दुसरं वर्ष, नागपूर. विद्यार्थिनी: गुलाब उंदीरवाडे.

निष्कर्ष (आधीच आला): कुरखेड्याकडच्या गावातल्या रक्ताच्या सगळ्या काचा निगेटिव्ह.

सर म्हणाले, "आजारच नाही तिकडे. बायकांचे सांधे धान रोवण्यानं दुखतात. सोमवारी नवा विषय सांगा."

गुलाब त्याच मुलखातली. तिला हे पटेना.

पद्धत: रक्ताचा थेंब, त्यात प्राणवायू शोषणाऱ्या द्रावणाचा थेंब, वर पातळ काच, कडेनं व्हॅसलीन. हवा तुटली की आजारी पेशी विळ्यासारखी वाकते.

गावाहून उरून आलेलं द्रावण तिनं वॉर्डातल्या, सिकलसेल असलेल्या एका रुग्णाच्या रक्तात टाकून पाहिलं. पेशी गोलच. ताजं बनवून टाकलं.

वाकल्या.

म्हणजे कॉलेजच्या चांगल्या तराजूवर तोलून, बाटलीत भरून, एस.टी.नं नेलेलं द्रावण गावात पोचेपर्यंत मेलेलं होतं.

पद्धत, पुन्हा: पावडरीच्या पुड्या न्यायच्या. पाणी गावातच उकळून, गार करून घ्यायचं.

कुरखेड्याकडच्या त्याच गावात, रुखमाबाईच्या अंगणात बायका जमल्या.

"मांगं देल्लं ना रगत? पिऊन टाकलं का, डाक्टरीनबाई?" रुखमाबाईनं विचारलं.

हशा.

"वाया गेलं, बाई. माह्याच हातून."

"आन आता काऊन देऊ?"

"आता इथीच पाह्यतो. तुमच्यासमोर."

रुखमाबाईनं जरा विचार केला. मग पोरीला पुढे ढकललं. "ही मंगली. हाडं दुखते म्हनून लोळत राह्यते. हिचं पाह्य."

सूक्ष्मदर्शक पाटावर. आरसा उन्हाकडे. वाट पाहणं.

गोल. गोल. गोल.

एक, दोन्ही टोकांना ओढलेली.

मग सगळीकडे तशाच.

"सापडलं!" गुलाब ओरडली.

"म्हनजे बरं हाय ना?"

गुलाबनं मान वर केली. हसू ओसरलं.

"बरं नाई, बाई. पोरीच्या रक्तातच आजार हाय. रोवण्यानं नाई दुखत तिचं."

रुखमाबाई मंगलीकडे पाहत राहिली. "मी तं तिले आळशी म्हनत होती. काठी घेऊन उठवत होती."

गुलाबनं दुसरी पुडी फोडली.

"हे आईबापाकडून येते, बाई. तुमचं दोघांचं पाह्यलं पाह्यजे. मंग गावाचं."

रुखमाबाईनं बोट पुढे केलं, डोळे पुसले नाहीत, आणि कुंपणापलीकडे हाक मारली, "ओ मंगलीच्या बापा! हात धुवा आन इकडं या!"