आगीच्या बादलीत भुसा

मित्रांनो, माझे बूड गोल आहे. जमिनीवर ठेवले की मी कलंडते. हसू नका. कुणी मला पाणी भरायला पळवू नये म्हणूनच पत्रेवाल्याने मला असे घडवले. लातूरच्या एका डाळ गिरणीतली आगीची जुनी लाल बादली मी. तीन बहिणींसोबत, पोटात वाळू घेऊन खुंटीला टांगून राहायचे, एवढेच माझे काम. गिरणीचा विमा उतरवताना कंपनीने तशी अटच घातली होती.

लातूर नवा जिल्हा झाला आणि मागोमाग दुष्काळ पडला. गिरणीतले पाण्याचे पिंप कोरडे ठणठणीत झाले. गावात जिकडेतिकडे नव्या कचेऱ्या उठत होत्या, त्यामुळे वाळू मिळेनाशी झाली. शेषेराव मुकादमांनी आमची वाळू आपल्या घराच्या गिलाव्याला नेली. विम्याचे साहेब तपासणीला येणार असे कळताच मुकादमांनी आमच्या पोटात तुरीचा भुसा कोंबला आणि वर बोटभर वाळू पसरली. साहेबांनी लांबूनच चार बादल्या मोजल्या, कागदावर खूण केली, चहा घेतला आणि ते गेले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आगीची बादली मी, आणि पोटात सरपण!

ही लबाडी आधी कळली ती चिमण्यांना. भुशात डाळीची चुरी होती. उपाशी चिमण्या वाळू उकरून ती टिपू लागल्या. डाळ पाखडणाऱ्या पंचफुलाबाईंनी वाळू खाणारी चिमणी कधी पाहिली नव्हती. त्यांनी मला उतरवून आत हात घातला आणि त्यांचा चेहराच पडला.

“मुकादम, ह्यात भुसा हाय!”

“हळू बोला बाई. मालकाचा इमा हाय की. जळलं तर भरून भेटतंय.”

“भुसा घावला तर मालकालाबी काय भेटायचं न्हाई. आन् आमच्या बारा जणींच्या रोजीचा इमा कुणी काढलाय? औंदा रानात काम न्हाई. गिरणी गेली तर आमी कुठं जावं?”

जेवणाच्या सुट्टीत पंचफुलाबाईंनी मागच्या कोरड्या ओढ्यातून खरवडून पाटीभर वाळू आणली आणि भुसा उपसून मला गच्च भरले. बाकीच्या तिघींना भरायच्या आतच सुट्टी संपल्याचा भोंगा झाला.

त्याच दुपारी मशीनचा पट्टा घासला, ठिणगी उडाली आणि पोत्यांनी पेट घेतला. मुकादमांनी घाईत शेजारचीच बादली उचलली.

“ती नगं! भुसा हाय त्यात!” पंचफुलाबाई ओरडल्या. त्यांनी मला ओढून काढले आणि माझी सारी वाळू जाळावर पालथी केली. बाकीच्या बायांनी अंगणातली माती लोटली. आग गुदमरली. तीन पोती गेली, पण गिरणी वाचली. माझा रंग करपला होता, तरी मला इतके सुख कधीच झाले नव्हते. बाया तर हसत होत्या, रडत होत्या आणि एकमेकींच्या केसांतली राख झटकत होत्या.

मालक हणमंतराव आले तेव्हा मुकादमांनी स्वतःहून सगळे सांगितले. मालकांनी जळालेली पोती उलटून पाहिली. मग म्हणाले, “तीन पोत्यांसाठी आता कोणत्या तोंडानं कंपनीकडं जाऊ? आधी बादल्या भरा.” मुकादमांनी मान खाली घालून पाटी उचलली.

मित्रांनो, आता मी गंजले आहे. तुम्हाला कुठे लाल बादली टांगलेली दिसली तर वरवर पाहून पुढे जाऊ नका. कोपरापर्यंत हात घाला. तिच्या भरवशावर कुणीतरी उद्या कामाला येणार असते.