साड्यांच्या पडद्यातून आलेलं ऊन

नवऱ्याच्या, सुकदेवच्या, उजव्या हातावर लालभडक चट्टा दिसला आणि उषाबाईने आधी खिडकीकडे पाहिलं.

कालच इस्पितळात त्याच्या शिरेतून औषध सोडलं होतं. त्यात धुळीहूनही बारीक कण. ते जिभेवरच्या कॅन्सरच्या गाठीत जाऊन बसायचे, आणि उद्या त्यांच्यावर लेसरचा उजेड पाडला की गाठ जाळायचे. हे जमलं नाही तर जीभ कापावी लागेल, असं डॉक्टर हर्षदाबेननी साफ सांगितलं होतं. ते कण कातडीतही उतरतात, म्हणून तोवर अंगावर ऊन पडू द्यायचं नाही, कातडी भाजेल, हेही दहादा बजावलं होतं.

पण उषाबाईला कोण शिकवणार! वीस वर्षं सुरतेत पर्वत पाटिया भागातल्या गोदामात साड्या तपासणारी बाई ती. साडी ट्यूबलाइटसमोर धरायची, एक विरलेला धागा नजरेतून सुटायचा नाही. रात्री तिने खिडकीला तीन साड्या लावल्या, त्याही तशाच तपासून. मागे धरलेला हात दिसेना, तशी स्वतःवरच खूश झाली. खिडकी पूर्वेची, आणि ट्यूबलाइट म्हणजे काही सुरतचं ऊन नव्हे, हे मात्र ध्यानात आलं नाही. सकाळी ती स्वयंपाकघरात भाजी चिरत बसली आणि इकडे नवरा झोपेत भाजला.

तिने त्याला डोक्यापासून गोधडीत गुंडाळलं, खिडकीला गादी लावली आणि मोबाइल उचलला.

"डाक्टरले सांगू नको!" सुकदेव आतून ओरडला. "लेसर रद्द करतीन त्या. मनी जीभ कापी टाकतीन!"

तिचं बोट थबकलं. लपवावं, असं तिलाही मनापासून वाटलं. पण वर हे असं, तर आत काय झालं असेल? तिने फोन लावला आणि स्वतःच्या चुकीसकट सगळं सांगून टाकलं.

"बेन, अंधार पडला की लगेच घेऊन या," हर्षदाबेन म्हणाल्या. "उद्याच्या लेसरचं हात बघून ठरवू."

फोन बंद होताच सुकदेवने शिव्यांना सुरुवात केली, ती थेट तिच्या माहेरापासून. एरवी एका शब्दाला दोन ऐकवणारी उषाबाई गोधडीला कान लावून बसली. बोलून बोलून तो दमला, गप्प झाला. ही जीभ गेली तर घर असंच गप्प होईल, असं मनात आलं आणि तिला रडूच कोसळलं.

"थांबू नका ना," ती म्हणाली. "आजून शिव्या द्या मले."